पेन्सिलीचा शेरा

घर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्याच्या ग्रंथसंग्रहाची जप्तीच्या पंचनाम्यासारखी जी झडती होते, तशी ती गेल्या वैशाखात माझ्याही संग्रहाची झाली. आणि वर्षानुवर्षे खोक्यांत पडून राहिलेल्या इंग्रजी पुस्तकांपैकी कोणते ठेवावे व कोणते रद्दीवाल्याच्या तागडीत घालावे, याचा निवाडा करीत मी जमिनीवर बैठक मारून बसलो असता, पाठीचा डिंक सुटलेल्या एका पिवळ्या, ठिसूळ पुस्तकात, कथा जिथे संपते त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत, माझ्याच हस्ताक्षरातला एक पेन्सिलीचा शेरा मला दिसला : ‘कच्चे काम. बाईंना पुढे जे साधले त्याची येथे चाहूलही नाही.’ खाली १९८३ सालची तारीख होती, आणि महसूल खात्यात नुकत्याच कायम झालेल्या कारकुनाच्या अंगी जी ऐट असते तिला अनुसरून मी त्याखाली आद्याक्षरांची सहीही ठोकली होती.

पुस्तक होते अर्सुला ले ग्विन यांची पहिली प्रकाशित कादंबरी, ‘रोकॅनन्स वर्ल्ड’. न्यूयॉर्कच्या एस बुक्स या प्रकाशनसंस्थेने ती १९६६ साली काढली ती स्वतंत्रपणे नव्हे, तर दोन कादंबऱ्या एकमेकींना उलट्या बांधण्याची जी त्यांची प्रसिद्ध रीत होती त्या रीतीने, ॲव्हरम डेव्हिडसन यांच्या ‘द कार-ची रेन’ या कादंबरीच्या पाठीला पाठ लावून. एका बाजूने उघडले की एक कथा, पुस्तक उपडे करून फिरवले की दुसरी. दोन्ही बाजूंना मुखपृष्ठ, मलपृष्ठ कोठेच नाही. किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर तीन रुपयांना ते घेताना विक्रेत्याने ‘दोन पुस्तकं एका किमतीत’ असे जे सांगितले होते ते अक्षरशः खरे होते, परंतु मला त्यातील एकाच बाईची ओढ असल्यामुळे दुसऱ्या अर्ध्या भागाकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते.

ती ओढ कशी जडली हे सांगितल्यावाचून त्या शेऱ्यातला राग कळणार नाही. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ सालची कादंबरी माझ्या हाती लागली, आणि ज्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते व ते नाव जाणणे हीच विद्या असते, त्या द्वीपसमूहात गेड नावाच्या शेळ्या राखणाऱ्या पोराबरोबर मी असा काही रमलो की परीक्षेच्या अर्थशास्त्राला त्या वर्षी मोठीच झळ पोचली. मागाहून ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ वाचली, आणि बाईंच्या गद्यात एकही शब्द उसनवारी करून आणलेला नसतो, घरातलाच असतो, अशी माझी खात्री पटली. अशा लेखिकेचे पहिले पुस्तक हाती आले तेव्हा गंगोत्रीला जाणाऱ्या यात्रेकरूच्या भावनेने मी ते उघडले. आणि तेथे सापडला तो एक भरलेला बाजार. भाले-तलवारींचे सरदार आणि अंतराळयाने. माणसाला पाठीवर घेऊन उडणारी पंखांची महाकाय मांजरे आणि हेलिकॉप्टरे. भूगर्भात राहणारे कारागीर, उन्हात राहणारे हसरे बुटके, आणि एका ओसाड नगरीतले देवदूतांसारखे उंच, देखणे, परंतु डोक्यात मेंदू नसलेले रक्तपिपासू पक्षधारी. या सगळ्यावर कळस म्हणजे नायकाचा तो अदृश्य अभेद्य अंगरखा, जो अंगावर असल्यामुळे शत्रूने त्याला खांबाला बांधून खाली जाळ केला तरी तो जळत नाही. लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या हे प्रकरण वाचताना मी मोठ्याने हसलो होतो, आणि पुस्तक संपल्यावर तो शेरा मारला होता.

लेखिका त्या वेळी कोवळ्या वयाची होती असेही म्हणण्याची सोय नाही. त्यांचा जन्म १९२९ चा. म्हणजे हे पुस्तक निघाले तेव्हा त्या सदतिशीच्या उंबरठ्यावर होत्या, तीन मुलांच्या आई होत्या, आणि त्यापूर्वी लिहिलेल्या अनेक कादंबऱ्यांची हस्तलिखिते प्रकाशकांकडून साभार परत आलेली होती. गंभीर साहित्याच्या दारावर वर्षानुवर्षे थाप मारून जी लेखणी थकली, तिला दुय्यम समजल्या जाणाऱ्या मासिकांच्या आणि स्वस्त बांधणीच्या पुस्तकांच्या मागल्या दाराने प्रवेश मिळाला; आणि मागल्या दाराने येणाऱ्याला घरच्या मंडळींची भांडी वापरावीच लागतात.

आणि अंगरख्याविषयी म्हणाल, तर माझ्या हसण्याला लेखिकेचीच अनुमती होती, हे मला फार उशिरा कळले. १९७७ साली या कादंबरीच्या नव्या आवृत्तीला बाईंनी जी प्रस्तावना लिहिली तीत त्यांनीच सांगून टाकले आहे की असला अंगरखा घालणारा मनुष्य पाच मिनिटांत आतल्या आत गुदमरून मरेल, आणि अद्भुताची व विज्ञानाची सरमिसळ जेथे फसली त्याचा हा चांगला नमुना आहे. स्वतःच्या पहिल्या अपत्याविषयी इतक्या शांतपणे बोलणारी आई मी दुसरी पाहिलेली नाही.

तर त्या वैशाखात, आवराआवर तशीच टाकून, मी ते पुस्तक पुन्हा वाचावयास घेतले. दोन संध्याकाळी लागल्या. दोष आपापल्या जागी होते हे प्रथमच कबूल केले पाहिजे. चाळीस वर्षांनी दोषांचे गुण होत नसतात. नायकाबरोबर निघालेले सोबती पुरती ओळख होण्याआधीच वाटेत गळतात, संकटे मैलाच्या दगडांसारखी ठराविक अंतरावर उभी असतात, आणि पक्षधारी देवदूत पूर्वीइतकेच बिनडोक वाटले.

परंतु प्रारंभीचे प्रकरण वाचताना मी थबकलो. ते मूळचे स्वतंत्र कथा म्हणून १९६४ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिकात आले होते, आणि कादंबरीला ते उपोद्घात म्हणून जोडलेले आहे. सेम्ली नावाची एका पडत्या सरदारघराण्याची तरुण सून, आपल्या कुळाचा हरवलेला नीलमण्याचा हार परत मिळवावा म्हणून, पतीला न सांगता, तान्ही मुलगी मागे ठेवून निघते. हार घडवणारे भूगर्भवासी तिला सांगतात की प्रवास एका लांब रात्रीचा आहे. ती यानात बसते, आठ प्रकाशवर्षे दूरच्या ग्रहावरील संग्रहालयात पोचते, हार मागून घेते, तशीच परत येते. आणि पाहते तो पती केव्हाच युद्धात पडलेला, व दारात उभी असलेली मुलगी तिच्याच वयाची. तिची एक रात्र गेली होती, घरची सोळा वर्षे. बाईंनी या कथेचा धागा नॉर्स पुराणातील फ्रेयाच्या हारापाशी नेऊन जोडला आहे. मला मात्र भागवतातला रैवत ककुद्मी आठवला. मुलीसाठी वर विचारावयास तो रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी गेला, गायन चालू होते म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटली. आमच्या पुराणकाराने रेवतीला बलरामाच्या पदरी घालून गोष्ट गोड केली आहे. सेम्लीला बलराम नाही. ती हार मुलीच्या पुढ्यात टाकून रानाकडे धावत सुटते.

पण मी थबकलो तो या कालविपर्यासापाशी नव्हे. तो १९८३ सालीही मला आवडला असावा, कारण तेथे समासात पेन्सिलीची एक बरी खूण आहे. मी थबकलो तो संग्रहालयाच्या दालनात. तेथे रोकॅनन हा मानववंशशास्त्रज्ञ आणि त्याचा सहकारी उभे आहेत, समोर ती उंच, सुवर्णकेशी स्त्री उभी आहे, आणि हे दोघे विद्वान ही कोण हे ठरवण्यासाठी एक संक्षिप्त मार्गदर्शिका उघडून पाहतात, जीत त्या ग्रहावरील जमातींची क्रमवार नोंद आहे : अमुक जमात, उंची इतकी, संस्कृती अमुक पायरीची. नोंद बरोबर आहे. तिच्यात समोरच्या स्त्रीविषयी काहीही नाही.

तरुणपणी हा उतारा मी कंटाळवाणा तपशील म्हणून ओलांडला होता. दरम्यान माझी पस्तीस वर्षे नोंदी करण्यात गेली. जुन्या गॅझेटियरमध्ये जातिजमातींचे जे वर्णन असते, ‘स्वभावाने काटक, कष्टाळू, कर्जबाजारी’, ते मी अहवालात निःशंकपणे उतरवून काढले आहे. आणि हे प्रकरण वाचताना मला एका तालुका कचेरीतली एक दुपार आठवली, जी स्मरणात आहे हेही मला ठाऊक नव्हते. एक म्हातारी फेरफाराची नक्कल मागण्यास आली होती. वडिलांच्या मृत्यूनंतरची वारस नोंद होती. भावांची नावे कब्जेदार म्हणून लागली होती, आणि ही इतर हक्कांच्या रकान्यात जाऊन बसली होती. नक्कल तिच्या हाती दिली तेव्हा तिने कागद माझ्याकडेच उलटा धरला आणि विचारले, “सायेब, ह्यात मी कुठं हाय?” मी बोट ठेवून ओळ दाखवली. तिने त्या ओळीकडे पुष्कळ वेळ पाहिले, तिला वाचता येत नसतानाही पाहिले. मग म्हणाली, “एवढीच?” मी म्हणालो, “आजी, एवढीच असते.” तिने कागदाची घडी करून पदराच्या गाठीला बांधली व ती गेली. त्या जमिनीचा गट क्रमांक मला आजही आठवतो. बाईचे नाव आठवत नाही.

रोकॅननला सेम्ली विसरता आली नाही, आणि त्या विस्मरण न होण्यातून पुढची कादंबरी निघाली आहे. तो प्रथम काय करतो, तर त्या ग्रहावर नक्षत्रसंघाने भावी युद्धाच्या नावाखाली बसवलेला कर बंद करवितो आणि रीतसर पाहणीसाठी स्वतः तेथे जातो. पूर्वी हे वाक्य मी वाचलेही नसेल. या वेळी, ज्याने सारावसुलीच्या मोसमात गावोगाव तगादे लावले आहेत अशा मनुष्याच्या कुतूहलाने, मी ते दोनदा वाचले.

ही दृष्टी बाईंना कोठून आली याचे उत्तर त्यांच्या घरातच आहे. वडील आल्फ्रेड क्रोबर हे बर्कली विद्यापीठातले नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाने ओळखला गेलेला, ‘याही’ नावाच्या जमातीपैकी एकटा उरलेला मनुष्य रानातून बाहेर आला, तेव्हा त्याला विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात ठेवण्यात आले, आणि १९१६ मध्ये क्षयाने मरेपर्यंत तो तेथेच राहिला. ‘इशी’ याचा अर्थ त्याच्या भाषेत केवळ ‘मनुष्य’; आपले खरे नाव त्याने कोणाला सांगितले नाही. त्याचे चरित्र ले ग्विन यांच्या मातोश्री थिओडोरा क्रोबर यांनी लिहिले, ते १९६१ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी सेम्ली त्या दालनात येऊन उभी राहिली. संग्रहालयात उभा असलेला जिवंत मनुष्य आणि समोर वही घेऊन उभा असलेला सज्जन विद्वान : हे दृश्य बाईंनी उसने आणले नव्हते. उडती मांजरे, तलवारी, अंगरखा, हे सारे शेजारून मागून आणलेले सामान. दालन तेवढे घरचे. म्हणूनच ते कच्चे वाटत नाही. गेडच्या जगातला खऱ्या नावाचा गूढ धर्मही मला आता त्या संग्रहालयाच्या आसपासच कोठेतरी जन्मला असावा असे वाटू लागले आहे. अर्थात हे माझे अनुमान, त्याला दप्तरी पुरावा नाही.

मधला प्रवास मी भरभर ओलांडतो. पर्वतातील गुहेत एक पुरातन जीव रोकॅननला परमनाची भाषा ऐकण्याची शक्ती देतो आणि मोबदल्यात, जे देण्यास तो सर्वांत नाखूष असेल ते मागतो. मग त्याचा मित्र मोगिएन आपले वाहन शत्रूच्या हेलिकॉप्टरवर घालून मरतो, आणि शत्रूचा तळ नष्ट होताना तेथील माणसांचे मरण रोकॅननला स्वतःच्या अंगात ऐकावे लागते. विजयी नायकाला शत्रूच्या मृत्यूची अशी शिक्षा देणे तीन रुपयांच्या साहसकथेत बसत नाही, एवढेच नोंदवून पुढे जातो.

शेवट मात्र सांगितला पाहिजे. रोकॅनन परत जात नाही; त्या ग्रहावरच्या एका स्त्रीपाशी राहतो, आणि संघाचे यान काही वर्षांनी पोचते तेव्हा तो मरून गेलेला असतो. संघाने त्या जगाला त्याचेच नाव दिले आहे, हे त्याला कधीच कळत नाही. १९८३ साली मला हा गौरव वाटला होता. आता महाबळेश्वरच्या एल्फिन्स्टन पॉइंटची आणि विल्सन पॉइंटची आठवण होऊन मी जरा अस्वस्थ झालो. त्या ग्रहावरचे लोक आपल्या भूमीला काय म्हणत असतील? मार्गदर्शिकेत तिला एका ताऱ्याच्या नावापुढे क्रमांक होता, मागाहून तेथे एका अधिकाऱ्याचे नाव चढले. आमच्या भाषेत सांगायचे तर फेरफार मंजूर झाला. बाईंनी हे उपरोधाने लिहिले की भाबडेपणाने, हे ठरवणे कठीण आहे. दोन वर्षांनंतर अर्थसी लिहिणाऱ्या लेखिकेने ते उपरोधाने लिहिले असते हे खरे, पण हे त्याआधीचे आहे.

शेरा खोडून टाकावा असे क्षणभर वाटले, रबरही हाताशी होते. परंतु कचेरीत एक गोष्ट अंगवळणी पडलेली आहे : मूळ नोंद पुसायची नसते, चुकली तर तिच्यावर एक रेघ मारून बाजूला सही करायची. मी पेन्सिल घेतली, ‘कच्चे काम’ तसेच राहू दिले, कारण ते खरे आहे, आणि पुढल्या वाक्यावर आडवी रेघ ओढून सही व तारीख घातली. मग रद्दीचे खोके बाजूला सारले, पुस्तक उपडे केले, फिरवले, आणि चाळीस वर्षे न उघडलेल्या त्या दुसऱ्या मुखपृष्ठापासून डेव्हिडसन यांची कादंबरी वाचावयास बसलो.