पहिलटकरीण

बाहुली गोणपाटाची आहे. पोटात वाळूची पिशवी शिवली आहे, कारण ओरांगउटानचं नवजात पिल्लू दीड-दोन किलोचं असतं आणि त्या वजनाची हाताला सवय व्हायला हवी. पहिल्या दिवशी तिनं ती पायाला धरून फरफटत नेली, पेंढ्यावर बसली आणि बाहुलीचा एक हात उसवून टाकला.

मी परदेशातल्या एका प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान सांभाळते. आमची ही पहिलटकरीण आईविना, माणसांच्या हातच्या बाटलीवर वाढलेली. आईपण उपजत असतं, ते काय शिकवायचं, असं मला पुष्कळ जण म्हणतात. ओरांगउटानच्या बाबतीत ते खरं नाही. जंगलात लेक सात-आठ वर्षं आईला धरून असते. धाकटं भावंड कसं उचललं जातं, कसं पाजलं जातं, हे ती जवळून पाहते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. हिला माहेरच नाही.

म्हणून आम्ही शिकवतो, तेही जाळीच्या अलीकडून. पोट जाळीला टेकवलं की द्राक्ष. मग भूल न देता सोनोग्राफी करता येते. छाती पुढे केली की द्राक्ष. ‘बाळ’ म्हटलं की बाहुली उचलून आणायची, डोकं वर, तोंड छातीशी. चुकली तर रागवायचं नाही, फक्त द्राक्ष मिळत नाही.

इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली. बाहुली जाळीपाशी आणण्यावर मी इतका भर दिला, इतकी द्राक्षं दिली, की ती बाहुली माझ्या हाती सोपवून खाऊ मागू लागली. बाळ द्यायचं आणि खाऊ घ्यायचा, एवढंच मी शिकवलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढचे सहा आठवडे आम्ही तेच पुसत बसलो: बाहुली छातीशी असेपर्यंतच खाऊ, सोडली की बंद. आधी पाच सेकंद, मग दहा, मग मिनिट. बाळ आजारी पडलं तर जाळीपाशी आणण्याची सवय लागेलच. धरून ठेवण्याची सवय आधी लागायला हवी, हे मी त्यात शिकले.

अमेरिकेत रिचमंडजवळच्या प्राणिसंग्रहालयातली झोई अशीच आईविना वाढलेली. २०२१ साली झालेलं पहिलं पिल्लू तिनं जवळ घेतलं नाही. पुढच्या वर्षी दुसरं झालं, तेव्हा तिथल्या एका कर्मचारी बाईनं स्वतःचं तान्हं तिच्यासमोर अंगावर पाजलं. झोई पाहत राहिली आणि मग तिनंही पाजलं. डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मुजूरची आधीची दोन पिल्लं दगावली होती. २०२४ साली ती पुन्हा गाभण होती तेव्हा सुमारे ३० बायका आपापली बाळं घेऊन तिच्यासमोर पाजायला बसल्या. ३१ जुलैला तिला पिल्लू झालं. तिनं ते मायेनं सांभाळलं, पण पाजण्यासाठी नीट धरलं नाही, आणि शेवटी ते बाटलीवर वाढवावं लागलं. मुजूरला मी हरलेली म्हणणार नाही. तिनं ते जवळ धरलं होतं.

नराचं शिक्षण थोडक्यात आटोपतं. जंगलात बाप पिल्लू वाढवत नाही. आमच्या नरानं हाक मारल्यावर शांतपणे शेजारच्या खोलीत जावं आणि जाळीतून वास घेत बसावं, एवढंच आम्हाला पुरे.

जंगलातली मादी सात-आठ वर्षांतून एकदा विते, आणि ओरांगउटानच्या तिन्ही जाती आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहेत. एकेक बाळंतपणासाठी एवढा जीव टाकतो, तो म्हणून.

दिवस भरायला साडेआठ महिने लागतात. हिचा आठवा संपत आला आहे. रात्री ती पेंढ्याचं घरटं करते, तेव्हा बाहुलीही सोबत नेते. काल कॅमेऱ्यात पाहिलं: डोकं वर होतं, तोंड छातीशी. द्राक्षं द्यायला तिथे कोणीच नव्हतं.