पूर्वलक्षी



रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलीने मध्येच विचारले, "सर, पूर्वलक्षी म्हणजे काय?" तिचे मामा उदगीरकडे शाळेत मास्तर आहेत. त्यांना वेतनवाढ 'पूर्वलक्षी प्रभावाने' मिळणार, म्हणून घरात पेढे आले होते. पेढे कळले, शब्द कळला नव्हता.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. शब्दाचा विषय निघाला की हातात खडू घेतोच. फळ्यावर लिहिले : पूर्वलक्षी, भूतलक्षी. सोप्या भाषेत, मागील तारखेपासून लागू होणारा. कन्नड शाळेत जाणारी मुले लगेच म्हणाली, "सर, पूर्वान्वय!" बरोबर, तोच तो. 'सिंहावलोकन' हा शब्द जवळचा वाटतो, पण सिंह मागे वळून नुसता पाहतो आणि पुढे चालू लागतो. पूर्वलक्षी गोष्ट मागे जाऊन काहीतरी करून येते. गुलबर्ग्याचे कलबुरगी झाले ते 1 नोव्हेंबर 2014 पासून. त्याआधीच्या दाखल्यांवर गुलबर्गाच आहे आणि ते दाखले खोटे ठरले नाहीत. म्हणजे ते नामांतर पूर्वलक्षी नव्हते. (आमच्या तोंडात अजून गुलबर्गाच आहे, ती गोष्ट वेगळी.)

मुले पांगली, पण तो शब्द आमच्या मनातून जाईना. कारण होत्या एक मावशी.

मावशी भालकीकडच्या, जन्माने कॅथलिक. 1991 साली त्यांचे लग्न झाले ते नवऱ्याच्या गावी, मांडवात, अक्षता टाकून. काकांचा बाप्तिस्मा झालेला नाही. चर्चची परवानगी घ्यायची असते हे तेव्हा घरात कोणी सांगितले नाही. पुढे कळले तेव्हापासून मावशी मिस्साला येत, शेवटच्या बाकावर बसत, आणि ख्रिस्तशरीर घ्यायची वेळ आली की मान खाली घालून तिथेच राहत. अशी तीसएक वर्षे गेली. दोन मुलगे मोठे झाले. मधली मुलगी नऊ वर्षांची असताना तापाने गेली.

आता सगळे रीतसर करून घ्यावे असे त्यांच्या मनाने घेतले. आम्ही उत्साहाने कामाला लागलो आणि बोलता बोलता म्हणून गेलो, "मावशी, झालं गेलं सोडून द्या. वेदीसमोर उभे राहा, आजपासून नवं लग्न समजा."

काका सहीला तयार होते, पण हे ऐकून म्हणाले, "मग इतकी वर्सं आमी कोन होतो, मास्तर?"

मावशी काहीच बोलल्या नाहीत. उठताना हळूच म्हणाल्या, "आन् माझी पोर? ती कुठल्या लग्नाची?"

पुढचे तीन रविवार शेवटचा बाक रिकामा होता.

चूक आमची होती. अर्धवट माहितीवर आम्ही त्यांचे अख्खे आयुष्य पुसायला निघालो होतो. फादरांना जाऊन सांगितले. ते रागावले नाहीत, त्यांनी कपाटातून धर्मविधी-संहिता काढली, 1983 ची, आणि 1161 वा नियम दाखवला. लॅटिन नाव आहे 'सानात्सियो इन रादिचे', शब्दशः मुळाशी बरे करणे. दोघांनी लग्नाच्या दिवशी दिलेली संमती अजून टिकून असेल आणि पुढेही एकत्र राहायची इच्छा असेल, तर संमती पुन्हा उच्चारायची गरज नाही. आपल्यासारख्या प्रकरणात बिशप ही कृपा देऊ शकतात. विवाह वैध ठरतो तो कृपा मिळाल्या क्षणापासून, पण त्याचे धर्मविधीतले परिणाम मागे जातात, थेट लग्नाच्या दिवसापर्यंत. पूर्वलक्षी.

आम्ही अधाशासारखी आणखी पाने चाळली. त्याच संहितेचा नववा नियम सांगतो की कायदे पुढच्यासाठी असतात, मागच्यासाठी नाहीत, तसे स्पष्ट म्हटले असेल तरच मागे लागू. गुन्ह्यानंतर कायदा बदलला, तर आरोपीला जो सोयीचा तोच लावायचा, असे 1313 वा नियम म्हणतो. आपल्या राज्यघटनेतही कलम 20(1) आहे : करताना जो गुन्हा नव्हता, त्याबद्दल नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही. म्हणजे शिक्षेला मागे जायला बंदी आहे. आणि इथे दया मात्र वाट काढत 1991 च्या मांडवापर्यंत चालली होती.

मग बायबल उघडले. इब्री लोकांस पत्र, नववा अध्याय, पंधरावे वचन. पहिल्या कराराच्या काळात झालेल्या अपराधांपासूनही ख्रिस्ताच्या मरणाने सुटका मिळते, असे तिथे आहे. ती माणसे केव्हाच मरून गेली होती. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर वेळी म्हणतो की प्रभू मृतांच्या लोकी उतरला. इतकी वर्षे ते वाक्य आम्ही घाईने म्हणत आलो. पवित्र मरियेचेही तसेच. 8 डिसेंबर 1854 ला पोप पायस नववे यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत घोषित केला, त्यात हेच आहे की क्रूस उभा राहण्याआधीच त्याचे फळ तिला मिळाले.

हे सगळे मावशींना सांगायला त्यांच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. त्या भाकरी थापत होत्या. ऐकून घेतले, भाकरी उलटली, आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "पुन्यांदा लगीन नाही म्हनं." काका हसले.

अर्ज गेला, आवश्यक ती वचने लिहून दिली गेली, काही आठवड्यांनी बिशपांचे पत्र आले. फादरांनी विवाहाच्या वहीत नोंद केली. मावशींना वाचता येत नाही.

"तारीख वाचा, मास्तर."

आम्ही पत्राची तारीख वाचली.

"ती नाही. आधीची."

आम्ही 1991 ची वाचली. मावशींनी बोटांवर काहीतरी मोजले. एक्क्याण्णव, ब्याण्णव... पाचव्या बोटाशी थांबल्या, तिथे थोडा वेळ अंगठा दाबून धरला, आणि पदर सावरून मिस्साला आत गेल्या.