परत करावयाची ठेव

न्यास म्हणजे परक्याची ठेव. ती जपावयाची आणि परत करावयाची. शकुंतलेस सासरीं धाडल्यावर कण्वांस वाटलेल्या समाधानास कालिदासानें ठेव परत केल्याचीच उपमा दिली आहे. आमच्या वांट्यास तें समाधान आलें नाहीं. अकोल्याच्या घरीं वडिलांच्या स्वरचित पदांच्या वह्या आम्हीं पेटींत कुलुपांत ठेविल्या. धाकट्या बंधूंनीं गावयास मागितल्या, तरी हरवतील म्हणून दिल्या नाहींत. पुढें पेटी उघडून पाहतों, तों वाळवीनें सर्व फस्त केलेलें!

गतवर्षीं अमरावती जिल्ह्यांतील मोझरीस गेलों. खंजिरीवरील भजनांनीं खेडींपाडीं जागविणाऱ्या तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं तेथें गुरुकुंज स्थापिला. १९६८ सालीं महाराज गेले. श्रीगुरुदेव सेवा मंडळ त्यांचा वारसा चालवीत आहे. सायंप्रार्थनेस शेतकरी महाराजांचीं पदें म्हणत होते, पोरें मागून सूर धरीत होतीं. ठेव रोज परत होत होती; म्हणूनच ती शिल्लक होती. खरे विश्वस्त ते. आम्ही केवळ पहारेकरी.

बंधूंस वडिलांचीं चारच पदें आतां आठवतात. तीं नातवंडांस शिकविण्यासाठीं आम्हीं त्यांस दिवाळीस बोलाविलें आहे.