परक्याची वही

आमच्या महाविद्यालयाच्या ई-मेलची व्यवस्था माझ्याकडे आहे. काम देवडीवरच्या पहारेकऱ्याचे. दारात आलेले टपाल खरे की भामट्याचे, हे ओळखून आत सोडायचे. सगळीच पत्रे डोळ्यांखालून घालणे एका माणसाला अशक्य. म्हणून जगातले बहुतेक पहारेकरी करतात तेच मी करतो. काळ्या याद्यांना विचारतो.

१९९७ साली अमेरिकेत पॉल व्हिक्सी यांनी अशी यादी सुरू केली. पुढच्याच वर्षी ‘स्पॅमहॉस’ निघाली. युक्ती साधी आहे. पत्र घेऊन आलेल्या सर्व्हरचा आकडी पत्ता उलटा लिहायचा, त्याला यादीचे नाव जोडायचे आणि डीएनएस या इंटरनेटच्या पत्तेकोशात शोधायचा. नोंद सापडली तर आसामी बदनाम, नाही सापडली तर सज्जन! पुष्कळ ठिकाणी हे फुकटात मिळते, आणि खरे सांगायचे तर याद्यांवाचून आमचे टपाल लॉटरीच्या बक्षिसांखाली केव्हाच गाडले गेले असते.

पण वही परक्याची. ‘ओआरडीबी’ नावाची यादी डिसेंबर २००६ मध्ये रीतसर बंद झाली. तरीही असंख्य सर्व्हर तिला विचारतच राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला ‘बदनाम’ म्हणू लागली, आणि विसंबून राहिलेल्यांचे सारे टपाल दारातून परत गेले. लोक यादीवाल्यांवर चिडले. मला त्यांचा राग येत नाही. बंद दुकानाची कडी पंधरा महिने वाजवणाऱ्यांना दुसरे काय सांगायचे?

मला खरा विचार करायला लावला तो एका खेड्यातल्या मुख्याध्यापकांच्या फोनने. एका मुलीच्या प्रवेशासाठी त्यांनी गुणांचा दाखला ई-मेलने पाठवला होता. तो इंग्रजी शेरा मारून परत गेला. “साहेब, आमच्या शाळेनं असं काय केलंय हो?” त्यांनी विचारले. शाळेने काहीच केले नव्हते. स्वस्तातल्या ज्या सर्व्हरवर शाळेचे ई-मेल होते, त्यावरच्या दुसऱ्या कुणी भाडेकरूने जाहिरातींचा पाऊस पाडला होता. पत्ता सामाईक, म्हणून बदनामीही सामाईक. दाखला शेवटी बसच्या कंडक्टरच्या हाती आला. मुदतीला एक दिवस उरला होता.

तेव्हापासून आमच्याकडे यादी साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. ‘स्पॅमअसॅसिन’मध्ये संशयाचे गुण मोजतात, पाच झाले की पत्र संशयित. यादीत नाव असले तर मी दोनच गुण धरतो, बाकीचे पत्राच्या मजकुराने मिळवावेत. याने थोडी घाण आत येते आणि प्राध्यापकमंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि दर सोमवारी मी प्रत्येक यादीची परीक्षा घेतो. १२७.०.०.२ हा पत्ता चाचणीसाठी मुद्दाम बदनाम ठेवलेला असतो, १२७.०.०.१ यादीत कधीच नसावा, असा संकेत आहे. दोघांनाही ‘हो’ म्हणणारी यादी त्याच दिवशी काढून टाकायची. दोघांनाही ‘नाही’ म्हणणारी बहुधा मेलेली असते.