आधी अक्षर, मग वेलांटी

रेमिंग्टन या टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर हात बसलेल्या ऑपरेटरला इनस्क्रिप्ट ही संगणकाची मांडणी शिकवायला घेतली की पहिली तक्रार ठरलेली असते. 'कि' टाइप करायचं तर त्याच्या हाताला आधी वेलांटी आणि मग क, अशी सवय. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. आणि ती वेलांटी पडद्यावर टुणकन उडी मारून क-च्या अलीकडे जाऊन बसते. "मॅडम, हे उलटंच आहे की!" मी म्हणते, तुम्ही बोलता कसं? आधी क म्हणता ना?

त्यांचं चुकत नसतं. टाइपरायटरला उच्चाराशी देणंघेणं नव्हतं. कागदावर डावीकडे जे दिसतं ते आधी ठोकायचं, एवढंच त्या यंत्राला कळे. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, म्हणून ती आधी. रफार डोक्यावर, म्हणून तो अक्षर उमटल्यावर. 'मार्मिक' लिहायचं तर म, काना, वेलांटी, म, मग रफार, मग क. शिवाय अर्धा त, अर्धा स, अर्धा म यांच्या जागा वेगळ्या पाठ करायच्या. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, पुढे गल्लोगल्ली टायपिंगच्या संस्था निघाल्या आणि लिपिकाच्या नोकरीसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांचं प्रमाणपत्र मिळवायला पिढ्यान् पिढ्या तिथे बसल्या. ती मांडणी बोटांत इतकी मुरली, की डीटीपी आल्यावर जुन्या फॉन्टवाल्यांनी तीच उचलली. गिऱ्हाईक तयारच होतं.

त्याची किंमत आम्ही अजून मोजतोय. कृतीदेव या तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये 'मराठी' टाइप करा. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं साठतात. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो नुसता इंग्रजी कचरा. त्यात शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही.

इनस्क्रिप्ट ही १९८६ची, भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली मांडणी. १९९१च्या 'इस्की' या भारतीय मानकात तिला जागा मिळाली आणि विंडोज २०००पासून ती संगणकात फुकट मिळते. तिची मूळ कल्पना मला फार आवडते. मात्रा, वेलांट्या, उकार डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, म्हणजे हात आळीपाळीने चालतात. डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ओकार, एकार, हलंत, ऱ्हस्व वेलांटी, उकार. उजव्या हाताला प, र, क, त, च, ट. शिफ्ट धरलं की क-चा ख, प-चा फ, ल-चा ळ. मात्रेच्याच कळेवर शिफ्टने तिचा पूर्ण स्वर. आणि क-ची कळ गुजरातीतही तीच, कन्नडमध्येही तीच.

इंग्रजीत हातांच्या आळीपाळीचं हेच तत्त्व डोक्यात घेऊन ऑगस्ट ड्वोराक या सिॲटलच्या प्राध्यापकाने मेव्हण्याच्या मदतीने एक कीबोर्ड आखला आणि १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्याही डाव्या हाताच्या मधल्या ओळीत ए, ओ, ई, यू, आय असे सगळे स्वर ओळीने बसलेत. जगाने मात्र १८७४ मध्ये बाजारात आलेली क्वर्टी सोडली नाही. ती बाजारात आणणारी कंपनी रेमिंग्टनच, जिचं नाव आपल्या जुन्या देवनागरी मांडणीला अजून चिकटून आहे.

पण इनस्क्रिप्टची आरती ओवाळणाऱ्यांतली मी नाही. व्यंजनं उजवीकडे म्हणतात, आणि म, न, व खालच्या ओळीत डाव्या हाताच्या माथी मारलेत. 'मानवी' टाइप करून बघा. म, काना, न, व, दीर्घ वेलांटी, सगळं डाव्या हाताने. उजवा हात तोवर आराम करतो. मराठीत काना पावलोपावली लागतो, तो वरच्या ओळीत. हलंत त्याच्या खाली, म त्याच्याही खाली, आणि या तिन्ही कळा डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या वाट्याला. त्यामुळे 'आत्मा' लिहिताना आ, हलंत, म, काना हे सगळं ते एकटं बोट करतं. दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येतो तो फक्त त. ही मांडणी करणाऱ्यांनी एखादं आध्यात्मिक मासिक जुळवायला घेतलं असतं, तर काना खाली आला असता.

तरीही शिकायला ती रेमिंग्टनपेक्षा सोपी आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. कळांवर स्टिकर चिकटवू नका. स्टिकर असला की नजर खाली जाते आणि खालीच राहते. मधल्या ओळीपासून सुरुवात करा. तेवढ्या एका ओळीत पत्र, चित्र, पोपट, चकोर, कुत्रे, कोट होतात, आणि चिरोटेसुद्धा. करंजी मात्र होत नाही. तिला वर-खाली दोन्हीकडे जावं लागतं. जोडाक्षराचं भय तर पहिल्याच बैठकीत जातं. 'स्त्री' म्हणजे स, हलंत, त, हलंत, र, दीर्घ वेलांटी. पहिलीत पाय मोडायला शिकलात, तोच हिशेब.

रोमनमधून मराठी उमटवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मोबाइलवर निरोप धाडायला ते ठीक. पण दिवसभर मजकूर उतरवायचा असेल, तर प्रत्येक शब्द आधी मनात इंग्रजीत लिहायचा आणि मग यंत्राने सुचवलेल्या चारांतून आपला निवडायचा, हा उद्योग कशाला? न-ण आणि ल-ळ यांची सरमिसळ तिथूनच येते. 'दऱ्या' लिहायला जाऊन 'दर्या' उमटतो, दरीऐवजी समुद्र, आणि पुष्कळांच्या ते लक्षातही येत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र दाबला की नुक्त्याचा ऱ येतो. पुढे हलंत आणि य. तीन कळांत काम होतं.

मग सगळ्यांनी बदलावं का? निवृत्तीला आलेल्या, डोळे मिटून रेमिंग्टन चालवणाऱ्या ऑपरेटरला मी बदलायला सांगत नाही. रेमिंग्टनच्याच कळांवरून युनिकोड, म्हणजे शोधता येईल असा मजकूर, उमटवणारी साधनं आहेत. ती बसवून द्यावीत. त्यांची वेलांटी आधीच पडेल, आणि साठवताना ती योग्य जागी ठेवण्याचं काम यंत्र करेल. बोटं जुनी, मजकूर नवा. नव्याने शिकणाऱ्यांनी मात्र सरळ इनस्क्रिप्टच धरावं. आणि रेमिंग्टन सोडायचंच ठरवलेल्यांनी श्रावण ते आश्विन हे खूळ डोक्यात घेऊ नये. त्या दिवसांत दिवाळी अंकांची पानं लावायची असतात. हात संथ झाला तर संपादक जीव घेतील. अंक बाहेर पडले, हिशेब मिटले, की कार्तिकात प, र, क, त पासून सुरुवात करावी.