बोटांना वळण

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी मुलीकडून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकतो आहे. ऑफिसातली नवी मुले महिन्याचा तक्ता मिनिटात काढू लागली, तेव्हा आपली खुर्ची जाते की काय, अशी धास्ती बसली होती.

२०२१ साली पायथॉनच्या ३.१० आवृत्तीत 'मॅच-केस' आले. खर्चाच्या नोंदी प्रकारवार लावायला ते सोयीचे. वाचले, समजलेसे वाटले. लिहिताना मात्र शेवटच्या 'केस'मध्ये भाडे हा शब्द अवतरणचिन्हांत घालायचा राहिला. संगणकाने तक्रार केली नाही. त्याने भाडे हे कोणतीही नोंद मावणारे नाव मानले आणि उरलेला सगळा खर्च, वीजबिलासकट, भाड्यात टाकला!

मुलगी म्हणाली, "पप्पा, पुसा आणि पुन्हा लिहा." तोच प्रोग्राम आठ रात्री न बघता लिहिला, आधी जुन्या 'इफ-एल्स'ने, मग नव्या रीतीने. नवव्या रात्री बोटे आपोआप अवतरणचिन्हाकडे गेली. बी.कॉम.ला नावे-जमा अशीच गिरवून आली होती, हे मी विसरलो होतो.

बंधुभगिनींनो, वय झाले म्हणून पाटी खाली ठेवू नका. रोज एकच उदाहरण सोडवा. पण स्वतःच्या हाताने.