बुडाचे बूच

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपल्या पाठ्यपुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतली. पण थेंबाथेंबानेच तळे आटतेही, ही तिची दुसरी बाजू कोणी घोकून घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. साचलेले डोळ्यांना दिसते म्हणून त्याचे कौतुक होते. गळलेले दिसत नाही, आणि दिसू लागते तेव्हा बहुधा तळच दिसू लागलेला असतो. अशा गळतीवरचा आपला उपायही ठरलेला आहे. नळ ठिबकू लागला की तो आवळावा. झाकण पाझरू लागले की तेही आवळावे. घरातील माणसे कुरकुरू लागली की शिस्त आवळावी. हा उपाय कोठे थांबवावा हे आम्हांस ग्रंथांनी फारसे सांगितले नाही. ते सांगितले एका होडीच्या इंजिनाने.

मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या खाडीच्या काठी आमचे आजोळ आहे. तेथील कित्येक होड्यांच्या मागच्या फळीवर आता बाहेरून अडकवावयाची इंजिने दिसतात. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड नामक कारागिराने अमेरिकेतील मिलवॉकी शहरी १९०९ साली असली इंजिने विकावयास काढली आणि वल्ह्यांचा भार पुष्कळांच्या खांद्यांवरून उतरला. आजोळच्या शेजारी राहणाऱ्या वृद्ध तांडेलमामांच्या होडीलाही असेच एक इंजिन आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही गेलो, तेव्हा होडी वाळूवर ओढून ठेवलेली आणि मामा तिच्याशेजारी डोक्याला हात लावून बसलेले. इंजिनाच्या बुडातून तेल गळत होते. शहरातील एका दुरुस्तीवाल्याने तो सगळा खालचा भागच बदलावा असे सांगून जी किंमत उच्चारली, ती मामांच्या दोन महिन्यांच्या मिळकतीला पुरून उरणारी होती. आणि ऐन हंगामाचे दिवस तर एकेक करून जातच होते.

यंत्रांशी ज्यांचा परिचय नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. या इंजिनाचा डोलारा होडीच्या वर असतो आणि त्यातून एक उभा दांडा खाली पाण्यात उतरतो. तळाशी धातूच्या एका निमुळत्या पेटीत दातेरी चाके असतात. ती दांड्याची उभी गती आडवी करून पंख्याला देतात. ही चाके दाट तेलात बुडालेली असावी लागतात. त्यासाठी पेटीला दोन भोके व त्यांना मळसूत्री बुचे असतात: खालचे तेल काढण्यासाठी, वरचे हवा जाण्यासाठी व तेलाची पातळी पाहण्यासाठी. यंत्र चालून तेल तापले की ते फुगते आणि फटीतून बाहेर येऊ पाहते. यंत्र थांबून निवले की तेल आकसते आणि त्याच फटीतून खारे पाणी आत ओढले जाते. तेल गळण्यापेक्षा हे पाणी शिरणेच अधिक घातक, कारण पाणी मिसळलेले तेल चाकांचे रक्षण करीत नाही आणि मीठ तर उघडउघड गंज आणते.

मामांनी खालचे बूच वारंवार आवळून पाहिले होते. आम्ही जवळ बसताच पुन्हा पान्हा उचलून ते म्हणाले, "भाच्या, अजून वायच आवळूया." आम्ही त्यांस थांबविले. इंजिनासोबत आलेली पुस्तिका त्यांनी देवाच्या फळीवर जपून ठेवली होती. पण ती इंग्रजीत असल्यामुळे तिचा उपयोग देवाच्या फळीपुरताच झाला होता. आम्ही ती वाचून मराठीत सांगू लागलो. बुचाखालची चकती दर वेळी नवी घालावी, असे एक छोटेसे वाक्य तीत होते. मामा हे इंजिन तीन वर्षे वापरीत होते, दर हंगामात तेल बदलीत होते, आणि चकती मात्र तीच होती.

तथापि पुस्तिकेवर भिस्त ठेवून निदान करणे बरे नव्हे. पंख्याच्या मागे जाळ्याचा दोरा गुंतला तर तो तेथील रबरी कडे कापतो, आणि गळती तिथली असूनही तेल ओघळून बुचापाशी जमते. म्हणून मामांनी पंखा काढून पाहिला, दोरा नव्हता. मग पेटी कोरडी पुसून, यंत्र उभे ठेवून, खाली रात्रभर वर्तमानपत्र पसरले. सकाळी एकच डाग होता आणि तो नेमका बुचाखाली होता.

खालचे व मग वरचे बूच काढताच तेल डब्यात उतरू लागले. ते दुधाळ, पांढुरके होते. म्हणजे पाणी शिरू लागले होते. खालच्या बुचाच्या टोकास लोहचुंबक होता व त्यावर काळसर बारीक भुकटी होती. तिच्यात दाताचा एकही तुकडा नव्हता हे पाहून मामांनी हात जोडले. चकती मात्र झिजून चपटी, एका बाजूस चिरलेली होती, आणि बुचाच्या बैठकीवर रेतीचा एक कण रुतलेला होता. कापडाने ती जागा स्वच्छ केली. एक डबा तेल आणि दोन नव्या चकत्या एवढाच काय तो खर्च.

नवे तेल खालच्या भोकातून वर चढवावयाचे, म्हणजे आत हवा कोंडत नाही. वरच्या भोकातून ते बुडबुड्यांवाचून वाहू लागले की आधी वरचे बूच लावावयाचे आणि मगच खालची नळी काढावयाची. नळीचे वरचे तोंड बोटाने दाबले की आतले पाणी खाली पडत नाही, हा शाळेतील प्रयोग येथे तांडेलाच्या कामी आला. शेवटी खालचे बूच मामांनी प्रथम नुसत्या बोटांनी फिरविले, कारण आटे वाकडे बसले तर पुढचे सर्व व्यर्थ. मग पान्ह्याने बेताचे आवळले. पेटीचा धातू बुचाच्या पोलादाहून मऊ असतो, आणि तिचे आटे एकदा फाटले की कोणतीही चकती उपयोगाची नाही. त्यांचा हात आणखी अर्ध्या फेऱ्यासाठी शिवशिवत होता. तो त्यांनी स्वतःच मागे घेतला. जुने तेल खाडीत न ओतता डब्यात भरून ठेवले, कारण त्याच खाडीत कालवे आणि तिसऱ्या वाढतात. दोन दिवस होडी चालवून त्यांनी वरचे बूच किंचित सैल करून पाहिले: तेल निर्मळ होते, पातळी तीच होती.

मामांना हा सिद्धांत नवीन नव्हता, असे पुढे बोलण्यात कळले. लाकडी होडीच्या दोन फळ्या कितीही घट्ट जोडल्या तरी पाणी येतेच. ते सांध्यात ठासलेल्या कापसाने व राळेने थांबते, हे त्यांच्या वाडवडिलांनाही ठाऊक होते. दोन कठीण वस्तू एकमेकींस पूर्णपणे कधीच मिळत नाहीत; त्यांच्यामधले बारीक उंचसखल भाग कोणीतरी मऊ होऊन भरून काढावे लागतात. चकतीचे काम तेच, आणि ते एकदाच करण्याजोगे. एकदा दबून जिने आपला आकार दिला, तिने दुसऱ्यांदाही तितकेच दबावे ही अपेक्षा व्यर्थ आहे.

तेव्हापासून आम्ही आपल्या परिचयाची घरे निराळ्या नजरेने पाहू लागलो आहो. करारी बाप आणि वयात आलेला करारी मुलगा एकाच घरात वर्षानुवर्षे राहतात, व बाहेर थेंबही येत नाही. लोक दोघांच्याही समंजसपणाची तारीफ करतात. मधे कोण दबत असते हे कोणी विचारीत नाही. बहुधा ती त्या घरची माउली असते. एके दिवशी ती बोलेनाशी होते, अंथरुणास खिळते, किंवा माहेरी जाऊन बसते, आणि मग घर पाझरू लागते. त्या वेळी बाप जोर करतो, मुलगा जोर करतो, आणि शहाणे शेजारी सगळा संसारच मोडीत काढण्याचा सल्ला देतात. यंत्राला नवी चकती बाजारात मिळते. घराला ती मिळत नाही. तेथे दोघा कठीण पुरुषांनीच थोडे मऊ होऊन तिच्या वाट्याचे काही दिवस स्वतः दबून पाहावे, याहून दुसरा मार्ग आम्हांस सुचत नाही. निदान पान्हा उचलण्यापूर्वी मधल्या चकतीची विचारपूस तरी व्हावी.